कॉन्व्हेंटमधली सेवा मराठवाड्यात आली कुठून?

दर शनिवारी शेवटच्या तासाला आमच्या वर्गातून पत्र्याचा एक डबा फिरायचा. घरून आणलेली मूठभर ज्वारी किंवा गहू त्यात टाकायचे. महिनाअखेरीस सिस्टर आम्हाला दोघादोघांना वस्तीत पाठवायच्या. पहिल्याच खेपेला एका आजीने आमची ज्वारी सुपात घेतली, दोनदा पाखडली आणि म्हणाली, "लेकरांनो, सोंडे लागलेत हिला. घरी सांगा, ऊन दाखवा म्हणून." घरातले नको झालेले धान्य आम्ही दान म्हणून नेले होते, हे तिच्या दारात उभे राहिल्यावर कळले. पुढच्या महिन्यात माझ्या आईने चांगल्या डब्यातली ज्वारी काढून दिली.

दोघादोघांनी आणि स्वतःच्या पायांनी जायचे, ही रीत जुनी आहे. तिचे मूळ १८३३ सालच्या पॅरिसमध्ये सापडते. फ्रेडरिक ओझानाम हा सोरबोनमध्ये कायदा शिकणारा वीस वर्षांचा मुलगा. विद्यार्थ्यांच्या वादसभेत त्याला कुणीतरी टोकले, चर्चने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही काय करता? ते त्याच्या मनाला लागले. २३ एप्रिलला सहा विद्यार्थी आणि त्यांना आधार देणारे एक वडीलधारे संपादक असे सात जण जमले आणि संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था उभी राहिली. गरिबांच्या वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्यांना घरे दाखवून दिली. पैसे पाठवून मोकळे व्हायचे नाही, घरी जाऊन बसायचे, हा त्यांचा नेम होता. ही संस्था १८६३ मध्ये भारतात आली.

आपल्याकडे मिशनची वाट पोहोचली ती वेगळ्या लोकांमुळे. फ्रान्समधल्या आनसी इथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या, संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव घेणाऱ्या संघाचे फादर नागपूरमार्गे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबाद जिल्ह्यातल्या घोगरगावला आले. गावकुसाबाहेरच्या माणसांत राहून त्यांनी शाळा आणि बोर्डिंग चालवले. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचा विभाग, व्हायला मात्र १९७७ साल उजाडले.

पण सेवा ही फादर-सिस्टरांनी आणलेली गोष्ट, असे कुणी म्हटले तर मला ते पटत नाही. निजामी राजवटीत मराठीतून शिकवणे हेच धाडस होते. त्या काळात १९१७ ला अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा आणि १९२१ ला हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा लोकांच्या बळावर उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला मुख्याध्यापक होते. गावासाठी राबणारा विद्यार्थी आणि घरदार सोडून शिकवणारे मास्तर मराठवाड्याने तेव्हाच पाहिले होते. कॉन्व्हेंटमध्ये मुलांना पाठवणारे आपले आजी-आजोबा त्याच मातीतले. त्यांना 'समाजसेवा' हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हा विषय हाती घेतला. पदवीआधी सक्तीची राष्ट्रीय सेवा असावी का, यावर १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांची समिती बसली. सक्ती बाजूला पडली आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ती पुढे अकरावी-बारावीपर्यंत आली. शाळांत स्काउट-गाइड होतेच, पुढे हरित सेनाही आली. आयसीएसई शाळांत समाजसेवेला श्रेणी मिळू लागली.

कॅथलिक शाळांत याच्या जोडीला वायसीएस (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स), म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांची चळवळ आली. बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन यांनी गिरणी-कारखान्यांतल्या पोरांसाठी घालून दिलेली 'पाहा, पारखा, कृती करा' ही पद्धत तिने उचलली. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी या पद्धतीला आपल्या पत्रात मान्यता दिली. आपल्या शाळांत बहुतेक मुले हिंदू, बौद्ध, मुसलमान. त्यांच्यासाठी वायएसएम (यंग स्टुडंट्स मूव्हमेंट) हे जोडनाव निघाले, गटात बसायला धर्म आड येऊ नये म्हणून. माझ्या मते ही या साऱ्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट आहे.

खरी परीक्षा घेतली ती किल्लारीच्या भूकंपाने. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली गावे झोपेत होती. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर आले, सुमारे आठ हजार माणसे गेली. शाळाशाळांतून धान्य, चादरी, भांडी गोळा झाली. पण चादर दिल्याने काम संपत नव्हते. अनाथ झालेली, शाळा तुटलेली मुले होती. भारतीय जैन संघटनेने त्यांतल्या बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन वर्षानुवर्षे शिकवले. मदत किती दिवस टिकली पाहिजे, याचे माप मराठवाड्याला तिथे मिळाले.

मग दुष्काळ. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्या उन्हाळ्यात घागरीसाठी रांगेत उभे असलेल्या पोरांना 'पाहा, पारखा' शिकवायची गरज नव्हती. स्वयंसेवक कोण आणि गरजू कोण, ही रेघच पुसली गेली होती.

आता काही शाळांत सेवेच्या तासांची वही असते. तारीख, काम, तास, शिक्षकांची सही. नोंद हवीच, तिच्याशी माझे भांडण नाही. फक्त त्या वहीत आणखी एक रकाना असावा असे फार वाटते: याच घरी परत कधी गेलात? त्या आजीकडे आम्ही दहावी होईपर्यंत जात होतो. पुढे पुढे ती सूप काढायची नाही, ज्वारी थेट रांजणात ओतायची.