पवनविद्युत् : विदर्भ

वाऱ्याच्या गतिज ऊर्जेने पाती फिरवून जनित्राद्वारे मिळवलेली वीज. समुद्रातील पवनक्षेत्रांचा विचार येथे केलेला नाही.

आद्य यंत्राविषयी मतभेद आहेत. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये पवनचक्कीवर विद्युत् घट भारित करून आपल्या घरात दिवे लावले. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील चार्ल्स ब्रश यांचे सुमारे १२ किलोवॉटचे यंत्र बहुधा त्यानंतरच्या हिवाळ्यात, १८८७–८८ मध्ये, चालू झाले. ते आकाराने मोठे व स्वयंचलित असल्यामुळे त्याचा उल्लेख अधिक होतो. व्हिएन्नातील १८८३ च्या विद्युत् प्रदर्शनात योसेफ फ्रीडलेंडर यांनी मांडलेले यंत्र धरल्यास दोघेही मागे पडतात. परंतु ते प्रदर्शनापुरते होते. नित्य वापर हा निकष लावल्यास ब्लाइथ यांच्याकडे अग्रमान जातो, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. भारतातील ग्रिडला (वीजवहनाच्या जाळ्याला) जोडलेली पवनक्षेत्रे साधारणतः १९८५–८६ पासूनची असून महाराष्ट्रात आरंभ कोकण किनाऱ्यावर झाला.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला ५ मीटरवरून ६ मीटर झाला, तर ती सुमारे पावणेदोनपट होते. मात्र कोणतेही पाते तिच्यातील ५९·३ टक्क्यांहून अधिक भाग घेऊ शकत नाही (बेट्झ मर्यादा). विदर्भाच्या पठारी, मंद वाऱ्याच्या मुलखात हा घन-नियमच आडवा येतो. चाळकेवाडी (सातारा) किंवा ब्राह्मणवेल (धुळे) येथील पवनक्षेत्रांसारखा विस्तार इकडे झाला नाही, तो त्यामुळेच. उपाय उंचीचा, कारण वर वारा अधिक वेगाचा असतो : सपाट भूमीवरील स्थूल नियमानुसार मनोरा ५० मीटरवरून १२० मीटरवर नेल्यास शक्ती सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पूर्वी बाद ठरलेल्या जागाही पुन्हा तपासण्याजोग्या होतात.

गाविलगड डोंगररांग हा अपवाद. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना मोथा गावाजवळ पवनचक्क्या दिसतात. आषाढात धुके उतरले की पाती दिसेनाशी होतात, घरघर तेवढी ऐकू येते. सुमारे ११०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी विरळ असते, तेवढे उत्पादन घटते. शेजारीच मेळघाट व्याघ्र प्रकल्प असल्याने विस्ताराला वाव थोडा.

उपयुक्ततेची खरी अडचण ऋतूची आहे. वारा भरात असतो तो मृगापासून श्रावणापर्यंत, आणि तेव्हा कपाशी-सोयाबीनला पाऊस पुरत असल्यास कृषिपंप बंद असतात. हरभरा-गव्हाचे ओलीत आणि वरूड-मोर्शीकडील संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्या-उन्हाळ्यात येतो; त्या वेळी वारा पडलेला असतो. म्हणून पंपांसाठी दिवसा वीज देण्याच्या योजनांचा भर सौरऊर्जेवर राहिला. चंद्रपूर, कोराडी व खापरखेडा येथील कोळशावरील केंद्रांशी पवनविद्युतेची तुलना या प्रदेशात अप्रस्तुत होय. पावसाळ्यात कोळसा भिजतो व औष्णिक संच अडखळतात. त्या महिन्यांत राज्याच्या इतर भागांतील पवनवीज ग्रिडमार्गे येथपर्यंत पोचते, एवढाच तिचा विदर्भाशी ठळक संबंध.