गच्चीवरची तार : हौशी रेडिओला हिणवण्याचा आणि त्याच्या उपयोगाचा इतिहास

ठाण्याच्या नौपाडा-चरई भागातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतही यंदा नव्या इमारतीच्या गच्चीचा विषय निघाला. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणलेली, माझ्या हौशी रेडिओ संचाची अँटेना असलेली वीस मीटर लांबीची तांब्याची तार नव्या गच्चीवर राहू द्यावी की नाही, एवढाच प्रश्न होता. एका सदस्यांनी वर्तमानपत्राचे कात्रण वाचून दाखवले. हौशी रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या संचावरून दूरच्या माणसांशी बिनतारी बोलण्याचा छंद, हा मोबाइलच्या काळात उगाच तग धरून राहिलेला विरंगुळा आहे, असा त्यातल्या मजकुराचा सूर होता. त्याच पानावर ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या विनापरवाना वॉकीटॉकींची बातमी होती आणि सभेत ती या मजकुराशी जोडूनच वाचली गेली. पाच मिनिटांत हा छंद निरुपयोगीही ठरला आणि संशयास्पदही. केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळवलेला परवाना मी पंचवीसहून अधिक वर्षे बाळगून आहे, आणि वॉकीटॉकी विकणाऱ्या दुकानांशी त्याचा काही संबंध नाही, हे मी सांगितले. पण हा समज कुठून आला, हे सभेत सांगण्याइतका वेळ नव्हता. तो समज शंभर वर्षांहून जुना आहे, म्हणून त्याची पार्श्वभूमी नीट मांडायला हवी.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. इंग्रजीत ज्याला ‘हॅम’ म्हणतात तो मूळचा हिणवण्याचा शब्द आहे. तारखात्यातले कसलेले कर्मचारी कच्च्या हाताच्या तारवाल्याला असे म्हणत आणि बिनतारी संदेशांचा नाद असलेल्यांनी पुढे तोच शब्द अभिमानाने मिरवला. मराठीत आपण ‘हौशी’ म्हणतो आणि आपल्याकडे या शब्दाला मुळात कमीपणा नाही. राज्य नाट्य स्पर्धेतली हौशी मंडळी दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करतात आणि त्यांच्यातूनच व्यावसायिक रंगभूमीला माणसे मिळतात, हे गडकरी रंगायतनच्या गावात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. रेडिओच्या बाबतीत मात्र हौशी म्हणजे वेळ घालवणारा, असा अर्थ रूढ झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत हौशी सेवेची जी व्याख्या आहे तिच्यात स्वशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक शोध हे तीन हेतू नमूद आहेत, आणि ही सेवा आर्थिक लाभाविना करायची आहे असेही स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पैसे न घेणे हा इथे कच्चेपणाचा पुरावा नसून नियमच आहे.

वृत्तपत्रे आणि हौशी रेडिओचालक यांच्यातला पहिला मोठा खटका १९१२ साली उडाला. १५ एप्रिलला टायटॅनिक बुडाली. त्या दिवशी काही वृत्तपत्रांनी सगळे प्रवासी सुखरूप असून जहाज हॅलिफॅक्सकडे ओढून नेले जात असल्याचे छापले. बातमी धादांत खोटी निघाल्यावर दोष कोणाचा, याची शोधाशोध झाली आणि हवेत संदेशांचा गोंधळ माजवणारे हौशी लोक हे सोपे उत्तर सापडले. त्या वेळी हवेत शिस्त नव्हती, हे खरे; परंतु खातरजमा न करता बातमी छापणाऱ्यांची जबाबदारी त्या गदारोळात मागे पडली. त्याच वर्षीच्या १३ ऑगस्टला अमेरिकेत रेडिओ कायदा झाला आणि हौशी केंद्रांना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीच्या पट्ट्यात ढकलण्यात आले. या लहरी लांब पल्ल्यासाठी कुचकामी आहेत, असे तेव्हाच्या जाणकारांचे मत होते. तिकडे पाठवले की ही मंडळी आपोआप गप्प होतील, असाच तो हिशेब होता.

घडले उलटे. टाकाऊ म्हणून दिलेल्या त्या लहरींवर हौशी लोक प्रयोग करत राहिले आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लिऑन देलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून एकमेकांशी संवाद साधला. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा विद्यार्थी थेट न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेल या मेंढपाळ शेतकऱ्याशी बोलला. आज आपण ज्याला शॉर्टवेव्ह म्हणतो त्याचे सामर्थ्य जगाला असे कळले. मला या कथेत सर्वाधिक मोलाचा वाटतो तो तिचा भारतीय धागा : हाच गॉयडर १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला आणि देशभर पोहोचणाऱ्या शॉर्टवेव्ह केंद्रांची उभारणी त्याच्या देखरेखीखाली झाली. ज्या पिढीने रेडिओवर बातम्या ऐकून घड्याळे लावली, तिच्या घरातल्या त्या आवाजामागे शाळकरी वयात हौसेने संच जुळवणारा एक मुलगा होता.

भारतातही प्रसारणाच्या आधी हौस होती. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये परवाना मिळाला. ते देशातले पहिले परवानाधारक हौशी रेडिओचालक मानले जातात. १९२३ मध्ये मुंबईत रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रसारित केले, बंगालमध्येही क्लब निघाला, आणि १९२४ मध्ये मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब सुरू झाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले २३ जुलै १९२७ रोजी. मधल्या चार वर्षांत हे काम क्लबांनी वर्गणीवर आणि स्वतःच्या उपकरणांवर चालवले होते. मद्रासचा क्लब बंद पडला तेव्हा त्याने आपला प्रक्षेपक शहराच्या महापालिकेला दिला आणि पालिकेने पुढे त्यावरून स्वतःचे प्रसारण केले. आजची माध्यमे ज्या घराण्याची आहेत, त्याच्या कुळकथेत ही मंडळी मूळपुरुषांच्या जागी येतात. त्यांना उपरे ठरवणाऱ्या मजकुरात या चार वर्षांचा उल्लेख मी सहसा वाचलेला नाही.

संशयाची परंपरा मात्र आपल्याला पारतंत्र्यातून मिळाली. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द करून संच ताब्यात घेण्याचा आदेश काढला. तरीही ज्ञान जप्त करता आले नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र सुरू केले, त्याचा प्रक्षेपक नरीमन प्रिंटर या हौशी रेडिओच्या जाणकाराने उभा केला होता. पोलिसांच्या ताब्यात आल्यावर त्यानेच नोव्हेंबरमध्ये त्यांना ठिकाण दाखवले, हेही नोंदवायलाच हवे. कौशल्य आणि निष्ठा एकाच माणसात नेहमी असतातच असे नाही. ते केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. या तरंगलांबीची वारंवारता काढली तर ती ७.०८ मेगाहर्ट्झच्या किंचित पुढे येते, म्हणजे आज जिथे भारतातले हौशी रेडिओचालक रोज सकाळी एकमेकांची खुशाली विचारतात त्याच पट्ट्यात. माझ्या संचाची तबकडी फिरवताना त्या आकड्यापाशी हात थोडा रेंगाळतो.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथील स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि पुढे दिल्लीला हलल्यावर १९५४ मध्ये ती संस्था अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. लष्कराच्या संदेशवहन शाळेत एका छंदाच्या संस्थेचा जन्म होतो, यावरून तेव्हाच्या राज्यकर्त्यांना त्यातले राष्ट्रीय मोल दिसत होते, असे मानायला जागा आहे. परवान्याची व्यवस्था मात्र १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याच्या चौकटीत राहिली आणि १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी ती तपशीलवार बांधली गेली. विद्युतशास्त्र व नियमांची लेखी परीक्षा, वरच्या श्रेणीसाठी टिंब-रेघांची मोर्स लिपी, त्यानंतर पोलीस पडताळणी, मग कॉल साइन, म्हणजे हवेत ओळख सांगणारे अक्षर-अंकांचे नाव. माझ्या वेळी या सगळ्याला वर्षाहून अधिक काळ लागला. ज्याची पार्श्वभूमी सरकार स्वतः तपासते आणि ज्याला प्रत्येक संभाषणात आपली कॉल साइन उघडपणे सांगावी लागते, त्या माणसाला गुप्त संदेश पाठवणारा म्हणून रंगवणे हे अज्ञानच म्हणावे लागेल. हौशी सेवेत अर्थ लपवणाऱ्या सांकेतिक भाषेत बोलायला बंदीच आहे. आमचे सगळे बोलणे कोणालाही ऐकता येते.

आता उपयोगाचा प्रश्न, कारण कात्रणातला मुख्य आरोप तोच होता. मोबाइलचे संभाषण आपल्या हातातल्या फोनमधून फक्त जवळच्या टॉवरपर्यंत हवेतून जाते. पुढे त्याला वीज, बॅटऱ्या, जनरेटरचे डिझेल आणि जमिनीखालची केबल लागते, आणि यातले एक तुटले तरी टॉवर मुका होतो. सात मेगाहर्ट्झवरची लहर वेगळ्या वाटेने जाते. तार जमिनीपासून फार उंच नसेल तर ती लहर जवळजवळ सरळ वर जाते, आयनावरणावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आदळते आणि पावसाच्या सरीसारखी आजूबाजूच्या दोनतीनशे किलोमीटरच्या मुलखावर खाली उतरते. डोंगर आडवा येण्याचा प्रश्नच उरत नाही. हातातल्या व्हीएचएफ संचाच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्याला ठाण्याहून नेरूळ गाठताना पारसिकचा डोंगर आडवा येतो, पण चरईच्या गच्चीवरची साधी तार सह्याद्रीपलीकडच्या पुण्याला आणि कोकणातल्या महाडला सारख्याच सहजतेने पोहोचते. मध्ये कोणाचाही टॉवर, एक्स्चेंज किंवा केबल लागत नाही. लागते ती मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी आणि पलीकडे ऐकणारा माणूस.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईसह ठाणे, कल्याण, बदलापूर पाण्याखाली गेले. त्या रात्री आमच्या इमारतीत वीज नव्हती आणि मोबाइल लागत नव्हते. बॅटरी वर आणून मी संच लावला, तेव्हा पुण्याचे एक ज्येष्ठ सहकारी स्वच्छ ऐकू आले. शेजाऱ्यांनी आपापल्या नातेवाइकांचे क्रमांक आणून दिले, मी ते एकेक आकडा करून वाचले आणि पुण्यात ज्यांचे फोन चालू होते त्यांना त्या सहकाऱ्यांनी निरोप दिले. एकूण सहा निरोप. ओल्या हातांनी लिहिल्यामुळे शाई पसरलेले वहीचे ते पान माझ्याकडे अजून आहे. मी कोणाचा जीव वाचवला असा माझा दावा नाही. सहा घरांत रात्रभराची घालमेल थांबली, इतकेच.

मोठ्या प्रमाणावरची उदाहरणे सार्वजनिक नोंदीत आहेत. १९९९ चे ओडिशातले महाचक्रीवादळ आणि २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप या दोन्ही वेळी हौशी रेडिओचालक संच घेऊन तिथे पोहोचले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर परवानगी मिळवून अंदमानातून जगाशी संपर्क साधत होते. त्या बेटांवर हौशी रेडिओला दीर्घकाळ मुभाच नव्हती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, तेव्हा त्यांनी तेच संच मदतकार्याच्या संदेशांसाठी लावले आणि पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीला खबर पोहोचत राहिली. त्या आधीच्या आठवड्यात कोणी तिथे बातमीदार पाठवला असता, तर ‘परदेशी लोकांशी गप्पा मारणारी हौशी मंडळी’ एवढेच छापून आले असते. त्या गप्पांतच अँटेना उभ्या झाल्या होत्या, कोणत्या वेळी कोणता पट्टा चालतो हे कळले होते आणि गोंगाटातून कॉल साइन वेगळी काढण्याची कानांची सवय टिकली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडे उपग्रह फोन आहेत आणि पोलिसांचे बिनतारी जाळे आहे. हौशी रेडिओ त्यांची जागा घेतो असे म्हणणारे आमच्यातलेही काही जण आहेत आणि ते अतिशयोक्ती करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे मोल वेगळे आहे. आम्ही आधीच आपत्ती आलेल्या गावात राहत असतो आणि संच वापरायची सवय रोजची असते. कपाटात ठेवलेला महागडा संच सवय नसलेल्या हातात आपत्तीच्या रात्री अर्धा तास तरी अडून बसतो.

गावातूनच बाहेर पडणारी पहिल्या तासांतली बातमी किती महत्त्वाची असते, हे माळीणने दाखवले आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले ते गाव दरडीखाली गेले आणि बाहेरच्या जगाला त्याची खबर लागली ती एसटीच्या चालकामुळे, कारण नेहमीच्या जागी त्याला गावच दिसले नाही.

विज्ञानाच्या बाजूचे योगदानही असेच एका ओळीत उरकले जाते. १२ डिसेंबर १९६१ रोजी हौशी लोकांनी बांधलेला ऑस्कर-१ हा छोटा उपग्रह अवकाशात गेला, म्हणजे स्पुटनिकनंतर अवघ्या चार वर्षांनी. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत इस्रोचा ४२.५ किलो वजनाचा हॅमसॅट नेला. त्यावरच्या दोन ट्रान्सपाँडरपैकी, म्हणजे जमिनीवरचे संदेश पकडून परत पाठवणाऱ्या उपकरणांपैकी, एक भारतीय होता आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थ्याने बनवलेला. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून बेंगळुरू आणि शिलाँग येथे जमलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली ती हौशी रेडिओवरूनच. दूरचित्रवाणीवर मुलांचे चेहरे आणि अंतराळवीराचा आवाज सर्वांनी दाखवला. तो आवाज कोणत्या पट्ट्यावरून येतो आहे, हे मी पाहिलेल्या बातम्यांत कोणी सांगितले नाही.

सभेनंतर कात्रण वाचणाऱ्या काकांना मी घरी बोलावले. त्यांनी परवान्यावरचा शिक्का पाहिला, सकाळच्या गजबजाटात साताऱ्याच्या एका शिक्षकांचा आवाज ऐकला आणि तारेतून वीज जाते का, इमारतीवर वीज पडेल का, असे दोन रास्त प्रश्न विचारले. नव्या गच्चीच्या आराखड्यात सौर पॅनेल आणि बसण्याची जागा सोडून मला तारेसाठी वीस मीटरचा एक कर्ण हवा आहे, आणि वास्तुविशारदांना द्यायच्या पत्राचा मसुदा आता त्यांनीच तपासायला घेतला आहे.