गुप्तरोगांची तपासणी: कुठे जायचं, कधी जायचं, काय न्यायचं

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, "आधार कार्ड लागतं का?" तर नाही. सरकारी केंद्रात एचआयव्ही किंवा सिफिलिसची (जुन्या भाषेत गरमी) तपासणी करायला आधार सक्तीचं नाही. लग्नाचा दाखला कुणी मागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आणि तुम्ही त्याच तालुक्याचे असायला हवं असंही नाही.

लागतो तो केसपेपर. तो काढताना नाव, वय, पत्ता विचारतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकांच्या रुग्णालयांत किरकोळ पैसे पडू शकतात, तेव्हा सुटे ठेवा.

माणूस अडतो तो या खिडकीपाशी. मागे वीस जणांची रांग आणि आतून खणखणीत आवाज, "काय होतंय?" एका मित्राबरोबर गेलो होतो तेव्हा तो गडबडून "ताप" म्हणाला आणि तापाच्या गोळ्या घेऊन परत आला. दुसऱ्या खेपेला शहाणा झाला. खिडकीवर आजार सांगायचाच नाही, विभाग सांगायचा: "आयसीटीसीत जायचंय" किंवा "स्किनचा पेपर द्या." पुढे कुणी काही विचारत नाही.

आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. काही त्रास नाही, नुसती शंका आहे, तर इथे जा. जखम, चट्टा, स्राव, लघवीला जळजळ, जांघेत गाठ असं काही असेल तर 'सुरक्षा क्लिनिक' (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना) विचारा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ते बहुधा त्वचारोग किंवा स्त्रीरोग विभागाला जोडलेलं असतं. जवळचं केंद्र कुठलं हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर कळतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' वाल्या नंबरावर मात्र फोन करू नका. तिथे तपासणी क्वचितच होते, पैसे मात्र नक्की जातात.

आत समुपदेशक दार लावून बोलतात. शेवटचा संबंध कधी आला, निरोध वापरला होता का, असे प्रश्न थेट येतात आणि उत्तरंही थेट द्यावीत, कारण कोणती चाचणी आणि कधी हे त्यावरच ठरतं. मग संमती घेतात, नोंदीला एक क्रमांक देतात आणि रक्त काढतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. अहवाल बऱ्याचदा त्याच दिवशी मिळतो. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच एचआयव्ही ठरवत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करतात. संमती आणि गुप्तता हा काही रुग्णालयाचा उपकार नव्हे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यानुसार नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही.

वय १८ च्या आत असेल तर पालकाची संमती लागते. शिवाय पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवणं भाग असतं. तरीही उपचार टाळू नयेत.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते वेळेचं. संबंधानंतर चौथ्या दिवशी धावत जाऊन निगेटिव्ह अहवाल आणला तर त्याला अर्थ नाही. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया (तसाच एक जिवाणूंचा गुप्तरोग) यांसाठी साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. याला अपवाद एकच: एचआयव्हीचा धोका मोठा वाटत असेल, विशेषतः लैंगिक अत्याचार झाला असेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिबंधक गोळ्या २८ दिवस घ्यायच्या असतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. आणि हो, फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान शिबिरात जाणारे महाभाग असतात. लागण झाल्यावरच्या सुरुवातीच्या काळात संसर्ग चाचणीतून निसटू शकतो आणि तेच रक्त दुसऱ्याला चढतं.

सुरक्षा क्लिनिकमध्ये दरवेळी प्रयोगशाळेची वाट पाहत नाहीत. लक्षणांवरून औषधाचं रंगीत किट देतात. लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करड्या रंगाचं: अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, दोन्ही एकाच डोसात. जोडीदारालाही किट देतात, ते नाकारू नका. नाहीतर महिन्याभरात तोच आजार परत घरात. परमा-क्लॅमिडियाची नेमकी जनुकीय चाचणी मात्र बहुधा खासगी प्रयोगशाळेत करावी लागते. लघवीचा नमुना द्यायचा असेल तर आधी तासभर तरी लघवीला जाऊ नका.

एचआयव्ही निघाला तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, पाठवतात. तिथल्या नोंदणीसाठी मात्र ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ असू द्या. औषधं मोफत असतात.

सिफिलिस लवकर सापडला तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनवर भागतं. फक्त त्याची टीपीएचए ही चाचणी बरे झाल्यावरही बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते. आखातात नोकरीला जाणाऱ्यांच्या मेडिकलमध्ये सिफिलिस तपासतात, तेव्हा इंजेक्शनची नोंद असलेला केसपेपर आणि आरपीआरचे (उपचारानंतर आकडा उतरतो अशी सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी) आधीचे-नंतरचे आकडे पासपोर्टच्या फाइलमध्येच ठेवा.