पाव सेकंदाच्या आतलं इंग्रजी

कोथरूडला आमच्या इमारतीखाली एक अमृततुल्य आहे. सकाळी सातला तिथं उभं राहिलं की ऐकू येतं, "एक फुल, दोन हाफ." "साखर?" "कमी." "क्रीमरोल?" "नको." "सुटे आहेत?" "बघतो." प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर हजर. माझा भाचा या खेळात पटाईत. बार्शीचा मुलगा, इंजिनिअर होऊन हिंजवडीत नोकरीला लागला, सध्या मुक्काम आमच्याकडे. त्याची आणि चहावाल्याची जुगलबंदी ऐकायला मी कधीकधी मुद्दाम रेंगाळतो.

हाच मुलगा संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसतो. अमेरिकेतून कुणीतरी सहज विचारतं, "हाउ वॉज युअर वीकेंड?" आणि घरात शांतता पसरते. घड्याळ लावलं तर दोनेक सेकंदांचीच, पण बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या मलाही ती जड जाते. मग "इट वॉज गुड." पुन्हा शांतता. कॉल संपला की तो बाहेर येऊन म्हणतो, "मामा, ते काय विचारतात ते कळतं. काय सांगायचं तेही माहीत असतं. पण वाक्य जुळेपर्यंत बस निघून गेलेली असते."

बस खरोखरच निघून जाते, आणि ती किती वेळ थांबते हे मोजलेलंही आहे. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली जगभरच्या दहा भाषांमधली खरीखुरी संभाषणं तपासली. हो-नाहीचा प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो, एवढंच मोजलं. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक सगळ्यांत चपळ, सरासरी अवघे ७ मिलिसेकंद. डॅनिश सगळ्यांत निवांत, तरी ४७० च्या आतच. मराठी त्या दहांत नव्हती, पण आमच्या अमृततुल्यावर यंत्र लावलं तर आकडा फार वेगळा येईल असं मला वाटत नाही.

आता दुसरा आकडा. एखाद्या वस्तूचं चित्र दाखवून नाव विचारलं, तर मातृभाषेतसुद्धा शब्द तोंडातून बाहेर पडायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. अख्खं वाक्य जुळवायला त्याच्या दुपटीहून जास्त. तयारीला ६०० लागत असताना उत्तर २०० मध्ये कसं येतं? हा हिशेब एकाच रीतीनं जमतो: समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठं संपणार हे ताडतो आणि आतल्या आत उत्तर रचायला घेतो. म्हणजे कान आणि जीभ एकाच वेळी कामावर असतात. मराठीत हे इतकं सवयीचं झालेलं असतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

भाच्याचं इंग्रजीत काय होतं? प्रश्न पुरता ऐकण्यातच सगळं लक्ष खर्च होतं. तो संपला की मराठीत उत्तर सुचतं, मग त्याचं भाषांतर, मग काळ तपासायचा, मग "द" लावायचा की नाही याचा वाद. एकापाठोपाठ एक चार खिडक्या, प्रत्येक खिडकीवर रांग.

यात आणखी एक मेख आहे. त्या दहा भाषांमध्ये होकार लवकर येत होता आणि नकार उशिरा. आपणही "येणार ना रविवारी?" असं विचारल्यावर समोरचा थबकला, तर तो काही बोलायच्या आधीच ओळखतो की हा येत नाही. इंग्रजी संभाषणांचा बारकाईनं अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन या बाईंनी दाखवलं होतं की गप्पांमधली शांतता साधारण एका सेकंदापर्यंत लोक सहन करतात, त्यापुढं ती बोचू लागते. भाचा दोन सेकंद व्याकरण तपासत असतो. पलीकडचा मात्र समजतो की याला आपल्याशी बोलायची फारशी इच्छा दिसत नाही.

म्हणून मी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती "अं" म्हणायची. शाळेत आम्हाला यासाठी पट्टी खावी लागे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली असं मांडलं की इंग्रजीतले "अ" आणि "अम्" हे अडखळणं नसून चक्क शब्द आहेत. थोडा वेळ लागणार असेल तर "अ", जास्त लागणार असेल तर "अम्". "जागा धरून ठेवा, आलोच" असा तो निरोप. "वेल", "लेट मी थिंक", "द थिंग इज" ही त्यातलीच मंडळी. मराठीत आपण काय करतो? "म्हणजे कसंय ना", "काय झालं माहितीये का", "आता बघ". या रुमालांशिवाय आपल्या गप्पा पुढं सरकत नाहीत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. फक्त प्रत्येक वेळी "बेसिकली" हा एकच रुमाल टाकू नये.

पण रुमाल टाकून जागा मिळाली तरी बसायला माणूस हवा. उत्तर इतक्या लवकर येतं कुठून, याचं मला सगळ्यांत पटलेलं स्पष्टीकरण १९८३ साली अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर यांनी दिलं. त्यांचं म्हणणं असं, की अस्खलित बोलणारा माणूस दर वेळी सुटे शब्द घेऊन वाक्य बांधत नाही. त्याच्याकडे हजारो तयार तुकडे असतात, तो ते उचलतो आणि एकमेकांना जोडतो. त्यांनी आणखी एक कोडं घातलं. व्याकरणात अचूक अशी असंख्य वाक्यं करता येतात, पण त्यांतली मोजकीच लोक प्रत्यक्षात बोलतात. मोजकी कोणती, हे व्याकरण सांगत नाही.

हे मराठीत लगेच दिसतं. पुण्यात शिकायला आलेला एखादा परदेशी विद्यार्थी म्हणाला, "मी भुकेला आहे." चूक काय काढाल? काहीच नाही. तरी आपण म्हणतो, "मला भूक लागलीय." "तुम्हाला चहा पिण्याची इच्छा आहे का?" शुद्ध आहे, पण पाहुणा दचकेल. "चहा घेणार ना?" म्हटलं की काम होतं. निघताना "मी जातो" म्हणणाऱ्याला आजी दारातच अडवते आणि "येतो म्हण" म्हणून बजावते. हा नियम कुठल्या व्याकरणातून आपण शिकलो? कुठल्याच नाही, तुकडाच्या तुकडा उचलला.

तुकड्यांचा आणखी एक फायदा आहे. चालू क्षणाचं काम करणारी आपली स्मृती फार लहान असते. नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलेल्या अंदाजानुसार तिच्यात एका वेळी चारेक गोष्टी मावतात. दहा शब्दांचं वाक्य सुटं सुटं उचलायला गेलात तर सांडणारच. पण "आय वॉज गोइंग टू" हा सामानाचा एक डाग, "बट आय एन्डेड अप" हा दुसरा, आणि मग "स्लीपिंग ऑल डे". दहाच्या वर शब्द, सामान तीन डागांचं. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा असे तुकडे गोळा करावेत. आणि ते पुस्तकी विषयांवरचे नकोत, आपण मराठीत दिवसभर जे बोलतो त्याचे हवेत: उशीर झाल्याचे, पावसाचे, ट्रॅफिकचे, "अरे हो, विसरलोच"चे.

चौकाचौकांत "३० दिवसांत फाडफाड इंग्रजी" अशा पाट्या असतात. त्यातला "फाडफाड" मला खटकतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना भरपूर थांबतात. फरक थांबण्याच्या जागेत असतो. ते दोन तुकड्यांच्या मधल्या सांध्यावर थांबतात, शिकणारा तुकड्याच्या पोटात थांबतो. "आय वॉज… गोइंग… टू" असं. तेवढंच ऐकणाऱ्याला टोचतं. वेग वाढवून हे सुटत नाही.

आता ऐकण्याकडे वळतो, कारण बोलण्याची तयारी ऐकतानाच होते हे वर आलंच. पुस्तकात छापलेलं असतं "व्हॉट आर यू गोइंग टू डू". अमेरिकन माणसाच्या तोंडी त्याचं "व्हॉट्या गना डू" होतं. भाचा याला आळशीपणा म्हणाला. मी त्याला विचारलं, "तू 'काय करतो आहेस' असं शेवटचं कधी म्हणालास?" आपण "काय करतोयस" म्हणतो. "नाही आहे"चं "नाहीये", "झाले आहे"चं "झालंय". घासून गुळगुळीत झालेली नाणी प्रत्येक भाषेच्या खिशात असतात.

इंग्रजीत मात्र हे घासणं आपल्याहून फार पुढं गेलंय. मराठीत अक्षरांना साधारण सारखं वजन मिळतं. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि शेजारची अक्षरं चिरडतात. "फोटोग्राफ"मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, "फटॉग्रफी"त तो सरकून दुसऱ्यावर. शब्द तोच, पण पहिल्या "फो"चा "फ" झाला. "ॲन्ड"चा नुसता "न्" उरतो, "टू"चा "ट". सगळ्यांत धोक्याचा म्हणजे "कॅन". साध्या वाक्यात तो दबून "कन" होतो, नकारातला "कान्ट" किंवा अमेरिकन "कॅन्ट" ठणकावून येतो, आणि शेवटचा "ट" बऱ्याचदा कानाला लागतच नाही. तेव्हा आपण मराठी सवयीनं "आय कॅन डू इट"मधल्या "कॅन"ला पूर्ण वजन दिलं, तर अमेरिकन कानाला "जमणार नाही" असं ऐकू येऊ शकतं. होकार देऊन नकार पोचवायचा असेल तर याहून सोपा उपाय नाही.

उच्चारांबद्दल आपल्याकडे जेवढा न्यूनगंड आहे तेवढ्याचं कारण मात्र मला सापडलेलं नाही. १९९५ साली मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी दाखवलं की बोलण्यात परकी ढब असणं आणि बोलणं न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढब ठसठशीत असूनही वाक्य शब्दन् शब्द समजू शकतं. आपला "टेबल"मधला ट इंग्रजी भाषकांपेक्षा टाळूकडे वर जातो, जाऊ दे. शिवाय कानांच्या बाबतीत त्यांनाही आपल्यापुढं हात टेकावे लागतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली इंग्रजी भाषक घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना फरक कळत होता, वर्षाच्या आसपास तो कळेनासा झाला. त्यांच्या आईबापांना "तार" आणि "टार" ओळखायला सांगा आणि गंमत पाहा. कान असा आपल्या भाषेपुरता घडतो. मोठेपणी तो थोडाफार पुन्हा घडवता येतो, पण नुसत्या पडद्यानं किती घडतो याबद्दल मी साशंक आहे. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना चिनी भाषा ऐकवली तेव्हा समोर जिवंत माणूस असलेली मुलं तिचे ध्वनी शिकली. तेच टीव्हीवर पाहणारी नाही शिकली. मोठ्यांना हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, तरी रात्री दोनपर्यंत मालिका पाहून "इंग्लिश सुधारतोय" म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर याच गावचे. १८८० साली टिळकांना बरोबर घेऊन त्यांनी इथंच न्यू इंग्लिश स्कूल काढलं. २००० पासून तर राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. दूध भरपूर प्यायलो, गुरगुरणं तेवढं राहिलं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकलेल्या इंग्रजी भाषक मुलांचंही असंच झालं होतं: वर्षानुवर्षं ऐकून समज उत्तम, बोलणं कच्चं. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्याचं कारण सांगितलं की या मुलांवर बोलायची वेळच फारशी येत नव्हती.

ती वेळ आणायची एक जुनी रीत आहे, ४-३-२ नावाची. एकच किस्सा एकाला चार मिनिटांत सांगायचा, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. दर वेळी श्रोता नवा, मजकूर तोच. २०११ साली नेल द याँग आणि चार्ल्स पर्फेटी यांना आढळलं की तोच विषय असा पुन्हा सांगणाऱ्यांचं अस्खलितपण पुढं नव्या विषयांवर बोलतानाही टिकलं. दर वेळी वेगळा विषय घेणाऱ्यांचं टिकलं नाही.

आमच्याकडे श्रोते तीनच. पहिला मी, दुसरी त्याची मामी, तिसरा खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र. किस्सा होता स्वारगेटला बार्शीची एसटी चुकली त्याचा. माझ्यासमोर चार मिनिटं संपली तेव्हा तो अजून रिक्षातच होता. मामीपुढं, ती लसूण सोलत असताना, स्टँडपर्यंत पोचला. मित्रासमोर मी फोनवर दोन मिनिटं लावून बसलो. रिक्षा झाली, स्टँड झालं, गाडी सुटली, कंडक्टरनं हात हलवला, आणि भाचा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "मामा, वीस सेकंद उरलीत. आता काय सांगू?"