खरडून गेलेलं शिवार सावरताना

31 ऑगस्ट 2021 ला झालेल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, चाळीसगाव शहरात आणि आसपासच्या गावांत पाणी घुसलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा पुरानंतर शहरातला चिखल उपसता येतो, दुकानं पुन्हा उघडतात. शिवाराचं तसं नसतं. काळी माती गेलेली, खालचा मुरूम उघडा पडलेला, बांध वाहून गेल्यामुळे कोणाचं शेत कुठे संपतं तेही कळेनासं झालेलं. सरकारी भाषेत ही ‘खरडून गेलेली जमीन’.

तिचा पंचनामा गटनंबरानुसार होतो आणि मदत खातेदाराच्या नावावर जमा होते. ती मिळायलाच हवी. पण पाणी ओघळीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जातं आणि वाटेत त्याला किती वेग मिळतो यावर नुकसान ठरतं. वेग दुप्पट झाला की पाणी ढकलू शकेल अशा दगडाचं वजन दुप्पट होत नाही. तात्त्विक हिशेबाने ते 64 पट होतं, कारण ते वेगाच्या सहाव्या घाताने वाढतं. वरच्या शेताचा फुटलेला बांध तसाच राहिला तर खालच्याने पदरचे पैसे घालून, जेसीबी लावून घातलेला बांध पुढच्या जोरदार पावसात पुन्हा जातो. म्हणून पुरानंतरची दुरुस्ती एकेका शेताची करून भागत नाही. ती अख्ख्या पाणलोटाची, माथ्यापासून पायथ्यापर्यंत करावी लागते, आणि ती करायला एका ओघळीवरची सगळी घरं एकत्र बसावी लागतात. मला हा मुद्दा मदतीच्या रकमेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

असं एकत्र बसणं खान्देशाला नवं नाही. पांझरेच्या काठी शेकडो वर्षं चाललेली फड पद्धत हेच करत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे पट्टे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पीक फिरवायचं. खातेदाराची जमीन एकाच ठिकाणी नसे, बहुधा प्रत्येक फडात तिचा तुकडा असे. पाऊस कमी झाला, बंधाऱ्यात पाणी कमी आलं, की एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येई. एक घर बुडालं आणि शेजारचं तरलं असं होत नसे. पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं, त्यामुळे कोणी स्वतःच्या हाताने बारं फोडायचा, म्हणजे पाटाचं पाणी आपल्या शेतात वळवायचा प्रश्न नव्हता. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळे खातेदार येत. पुराने पाट बुजला तर काय करायचं, कोणी करायचं, हे पूर येण्याआधीच ठरलेलं असे. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर पंप बसले आणि बरेच फड मोडले.

आपत्तीनंतर कोण लवकर सावरतं याचा अभ्यास करणाऱ्यांनाही हेच दिसलं. जपानमध्ये 17 जानेवारी 1995 ला कोबेला भूकंप झाला, ठिकठिकाणी आगी लागल्या. तिथल्या मानो वस्तीतले लोक कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध 1960 च्या दशकापासून संघटित होते. त्यांनी रांगा लावून बादल्यांनी पाणी पुरवलं आणि आग आटोक्यात ठेवली. ओळख आणि शिस्त त्यांच्यात आधीच होती.

आता मातीकडे. सुपीक मातीचा इंचभर थर निसर्गात तयार व्हायला शेकडो वर्षं जातात, त्यामुळे आपल्याला तो बाहेरून आणावा लागतो. तलावातला गाळ हलक्या, मुरमाड जमिनीवर चांगला बसतो. आधीच भारी असलेल्या काळ्या जमिनीवर जाड थर दिला तर पाण्याचा निचरा बिघडतो. शिवाय नुसता गाळ म्हणजे माती नव्हे. चांगली माती हातात घेतली की रवाळ लागते, कारण बुरशीचे धागे आणि सूक्ष्मजीवांचे चिकट स्राव तिचे कण एकमेकांना धरून ठेवतात. त्या रव्यांमधल्या फटींतून हवा आणि पाणी फिरतं. ताज्या गाळात ही वीण नसते. म्हणून पहिल्या वर्षी कापसाची घाई न करता शेणखत घालावं, ताग किंवा धैंचा पेरावा आणि फुलोऱ्यावर येताच जमिनीत गाडावा. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, आणि गाडलेला पाला सूक्ष्मजीवांचं खाद्य होतो.

आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगापर्यंतचा काळ या कामाचा. गावाने आधी शिवारफेरी काढावी, प्रत्येक ओघळ आणि फुटलेला बांध कागदावर मांडावा, हद्दीचे वाद तिथेच उभं राहून मिटवावेत. मग माथ्यावर उताराला आडवे समतल चर, ओघळीत दगडांचे छोटे बांध, त्यानंतर शेतांची बांधबंदिस्ती. गाळ सगळ्यात शेवटी, कारण वरचं पाणी थोपवलेलं नसेल तर विकतच्या डिझेलवर आणलेला तो गाळ तितूरमार्गे गिरणेत जातो.