लपवलेला बदल आणि परतवता येणारा बदल: जुन्या उघड्या गाडीत साउंड सिस्टिम बसवण्यापूर्वी

इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात १९६५ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन सीटची उघडी गाडी, उभी होती. टप मागे दुमडलेला, डॅशबोर्डच्या मधोमध रेडिओच्या जागेवर एमजीचा बिल्ला असलेली मूळ झाकणपट्टी, कुठे एक स्क्रूही जास्तीचा नाही. मालक म्हणाले, "गाडीला काहीही केलेलं नाही," आणि खिशातल्या फोनवरून गाणं लावलं. आवाज खालून कुठून तरी आला, आणि चांगला आला. त्यांच्या परवानगीने मी डॅशखाली टॉर्च मारला. मूळ वायरिंगमधल्या चार तारांचं आवरण चिमटा-कनेक्टरांनी कापलेलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर पत्र्यात नवी भोकं पाडून आवळला होता. गालिच्याखाली सगळ्या फ्लोअरवर आवाज दाबणारी काळी डांबरी शीट चिकटवली होती.

दोन गाड्या सोडून आणखी एक एमजीबी होती. तिच्या दोन्ही दारांच्या पॅडवर गोल काळ्या जाळ्या होत्या, लांबूनही डोळ्यांत भरणाऱ्या. येणारेजाणारे हळहळत होते. पण ती पॅड बाजारातून नवीन आणून कापलेली होती. मूळ पॅड घरी चादरीत गुंडाळून ठेवली होती आणि ती परत बसवायला एका दुपारचं काम होतं.

या दोनपैकी शाबूत गाडी दुसरी, हे मला तेव्हा पटलं आणि आजही पटतं. "कायमस्वरूपी बदल न करता" हे शब्द आपण सगळे वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी कालवतो. बदल दिसतो का, हा डोळ्यांना विचारायचा प्रश्न. बदल काढता येतो का, हा पान्याला विचारायचा. लपवलेला बदल पहिल्या परीक्षेत पास होतो, परतवता येणारा दुसऱ्या. काही बदल दोन्हींत पास होतात. बरेचसे एकाच परीक्षेत होतात आणि दुसरीचं प्रमाणपत्र मिरवतात.

जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा हिची २०१२ची ट्युरिन सनद या बाबतीत चांगली मार्गदर्शक आहे. बदल करावाच लागला तर तो नजरेत न खुपणारा असावा आणि परतवता येणारा असावा, अशी तिची भूमिका आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी हव्यात. काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत, असंही ती सुचवते. आपल्याकडे २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी विंटेज नोंदणी आली. तिथेही गाडी मूळ रूपात राखलेली असणं ही अट आहे.

आता रेडिओकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

जुना रेडिओ आधुनिक करून देण्याचा एक प्रकार फार लोकप्रिय आहे. तुमच्याच रेडिओचा डबा, डायल आणि बटणं ठेवतात. आतली सगळी यंत्रणा काढून त्या जागी एफएम, ब्लूटूथ आणि चार वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला नवा बोर्ड बसवतात. बाहेरून पाहिलं तर तीच बटणं, तोच पिवळसर उजेड. डॅशबोर्ड कापावा लागत नाही म्हणून हे काम "गाडीला धक्का न लावता" या नावाने खपतं. गाडीच्या दृष्टीने ते खरंही आहे. पण रेडिओच्या दृष्टीने? त्याच्या कॉइल, त्याचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, त्याचा ट्यूनिंगचा सांगाडा हे सगळं गेलेलं असतं. कधी ते पिशवीत घालून परत देतात, कधी कचऱ्यात जातं. पिशवीतून तो रेडिओ पुन्हा उभा करणारे हात आज फार थोडे उरलेत. मर्सिडीज २३० एसएलसारख्या गाडीत त्या काळचा बेकर रेडिओ असेल तर ती वस्तू स्वतःच जपण्यासारखी आहे. तिला पोकळ करणं म्हणजे जुन्या घड्याळाची तबकडी ठेवून आत बॅटरीचं यंत्र घालणं.

दुसरा मार्ग ऐकायला जास्त ढवळाढवळीचा वाटतो, पण आहे कमी: मूळ रेडिओलाच फोनचा आवाज देणं. रेडिओचा स्वतःचा आवाज जिथून व्हॉल्यूमच्या बटणापाशी येतो, तिथे एक छोटा स्विच आणि दोन-तीन सोल्डरचे जोड देतात. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला फोन. उद्या ते जोड सोडवले की रेडिओ पूर्वीसारखा. फोनचे डावे-उजवे दोन आवाज एका मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, रेडिओत घालताना तारा थेट एकत्र पिळायच्या नाहीत. प्रत्येक बाजूला सुमारे १ किलो-ओहमचा रेझिस्टर लावून मग जोडायच्या, नाहीतर फोनच्या दोन वाहिन्या एकमेकींवर भार टाकतात.

हे कधी पुरत नाही? रेडिओ आधीच मेलेला असेल, किंवा ऐकायला केंद्रच उरलं नसेल तेव्हा. नॉर्वेने २०१७मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रसारण थांबवलं. अशा ठिकाणी माणूस रेडिओची आतडी बदलायला निघाला तर मला त्याचं मन कळतं. तरीही माझा सल्ला असा: स्वतःचा रेडिओ जशाचा तसा काढून घरी ठेवा आणि त्याच मॉडेलचा, आधीच बिघडलेला दुसरा रेडिओ मिळवून तो पोकळ करा. त्याने लपवलेला बदल परतवता येणाराही होतो. खर्च वाढतो, हे मान्य.

एफएम ट्रान्समीटरबद्दल एवढंच: तो फक्त एफएम रेडिओलाच आवाज देतो. साठच्या दशकातल्या असंख्य गाड्यांत फक्त मध्यम लहरींचा रेडिओ होता, तिथे त्याचा काही उपयोग नाही.

डॅशबोर्ड कापण्याविषयी मात्र मला नरमाईने बोलता येत नाही. आधुनिक रेडिओचं माप १८० बाय ५० मिलिमीटर. अनेक जुन्या गाड्यांत बटणांच्या दांड्यांसाठी दोन गोल भोकं आणि मध्ये छोटी खिडकी असते. त्या तिघांचं एक मोठं आयत करायला जिगसॉला पाच मिनिटं लागतात. नंतर पुढे पट्टी लावून ते झाकताही येतं. कापलेला पत्रा मात्र पुन्हा जोडणं, घासणं, रंगवणं हे डॅश बाहेर काढून करायचं काम आहे. मडगार्डला एरिअलसाठी पाडलेलं भोकही त्याच जातीचं. फोनवरूनच ऐकणार असाल तर एरिअलची गरजच नाही, हे आधी ध्यानात घ्यावं.

यापेक्षाही फसवा लपवलेला बदल विजेच्या तारांत असतो. १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली आहे. आजची बहुतेक सगळी उपकरणं ऋण बाजू बॉडीला आहे असं धरून बनवतात. रेडिओचा धातूचा डबा, एरिअलच्या तारेची जाळी, फोन चार्जरचं बाहेरचं कडं, सगळं ऋण. असा रेडिओ एमजीबीच्या पत्र्याला स्क्रूने आवळला की बॅटरीची दोन टोकं थेट एकमेकांना भिडतात.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे गाडीची ध्रुवताच उलटवणं, म्हणजे धनऐवजी ऋण बाजू बॉडीला जोडणं. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि नाव तर "उलटवणं", त्यामुळे ते परत उलटवताही येईल असं वाटतं. प्रत्यक्षात बॅटरीच्या केबल बदलाव्या लागतात, डायनॅमोला, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, नव्याने ध्रुवता द्यावी लागते, इग्निशन कॉइलचे जोड फिरवावे लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटर उघडून आतले जोड बदलावे लागतात. यातलं एक पाऊल पुढच्या मालकाला माहीत नसेल आणि त्याने जुन्या मॅन्युअलवर विश्वास ठेवून केबल लावली, तर नुकसान ठरलेलं. परत फिरता येतं, पण वाटेवरची प्रत्येक खूण लिहून ठेवलेली असेल तरच.

त्याऐवजी आत आणि बाहेर विजेचा थेट संबंध नसलेला, म्हणजे आयसोलेटेड, १२ व्होल्टचा कन्व्हर्टर घ्यावा. गाडीची ध्रुवता आहे तशी राहते, आणि कन्व्हर्टरच्या पलीकडे अ‍ॅम्प्लिफायर आणि फोनचा चार्जर यांना हवी तशी वीज मिळते. दोन्ही त्याच कन्व्हर्टरवर चालवावेत. पलीकडची कुठलीही तार किंवा डबा बॉडीला टेकू द्यायचा नाही, एवढं सांभाळायचं. ते रबरी पॅडवर आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जमतं. इथे लपवणं आणि परतवणं दोन्ही साधतं, म्हणून मला हा उपाय सगळ्यात देखणा वाटतो.

वीज घ्यायची तीही मूळ तार न कापता. ब्रिटिश गाड्यांत हिरवी तार म्हणजे किल्ली फिरवल्यावर फ्यूजमधून येणारी, जांभळी म्हणजे फ्यूजमधून कायम चालू, तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट. फ्यूजबॉक्सच्या पट्टीवर दुहेरी पट्टीचा जोड खोचायचा आणि तिथूनच स्वतंत्र छोटा फ्यूज लावून नवी तार काढायची. लुकास या ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, तो उडण्याचा आकडा आहे. सतत वाहू शकणारा प्रवाह त्याच्या निम्मा, १७च्या आसपास. हा फरक माहीत नसल्याने आधुनिक ३५चा फ्यूज घालणारे लोक मी पाहिले आहेत.

आता आवाज. इथे उघड्या गाडीचं गणित बंद गाडीपेक्षा वेगळं आहे, आणि नशिबाने ते परतवता येणाऱ्या बदलाच्या बाजूचं आहे.

बंद केबिनमध्ये खालचे सूर आपोआप भरतात, उघड्या टपात ते हवेत विरतात. वाऱ्याचा गोंगाटही मुख्यतः खालच्याच सुरांत असतो, त्यामुळे जे थोडं उरतं तेही झाकलं जातं. मग माणूस मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेतो. पण मोकळ्या जागेत स्पीकर कानाच्या तिप्पट जवळ आणला तर तोच आवाज नवव्या हिश्श्याच्या वॉटमध्ये मिळतो. पायापाशी १२० सेंटिमीटरवर ९० वॉट लागत असतील, तर कानामागे ४० सेंटिमीटरवर १० पुरतात. माझदाने एमएक्स-५च्या पहिल्या पिढीत सीटच्या डोकेटेकूतच स्पीकर दिले होते, ते यासाठीच. सुरुवातीच्या एमजीबीला डोकेटेकूच नाहीत, म्हणून सीटच्या मागे उभ्या, अरुंद पेट्या ठेवाव्या लागतात. पेटीच्या तळाला वेल्क्रोची खरखरीत बाजू लावली की ती गालिच्याला स्वतःच धरते. गोंद नको, स्क्रू नको. टप दुमडल्यावर तिथे किती जागा उरते ते आधी मोजून घ्यावं.

कमी वॉटचा दुसरा फायदा डायनॅमोला होतो. एमजीबीचा जुना डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देतो आणि इंजिन मंद चालू असताना त्याहून बराच कमी. हेडलाइट, वायपर आणि इग्निशन यांना देऊन फार उरत नाही. मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवला की मग डायनॅमोऐवजी जास्त वीज देणारा अल्टरनेटर हवा, अल्टरनेटर आला की वायरिंग बदला. गाण्यासाठी सुरू झालेलं काम बॉनेटखाली पोचतं. १० वॉटवर भागलं तर त्यातलं काहीच लागत नाही.

डॅशमध्ये एकाच स्पीकरची जागा असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९६५च्या मस्टँग कन्व्हर्टिबलमध्ये, एकाच स्पीकरला दोन व्हॉइस कॉइल (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) असलेला प्रकार मूळ जाळीखाली बसतो आणि डावी-उजवी दोन्ही वाहिन्या त्यातून वाजतात. मूळ स्पीकर काढून जपून ठेवायचा. जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार बऱ्याचदा बॉडीला जोडलेली असते. आधुनिक अ‍ॅम्प्लिफायरची कुठलीही स्पीकर-तार बॉडीला लागली तर तो जळू शकतो. म्हणून मूळ स्पीकर-तारा गुंडाळून तिथेच ठेवाव्यात आणि नव्या तारा वेगळ्या ओढाव्यात. कागदी पडद्याचा स्पीकर उघड्या गाडीत एका अवकाळी सरीत मऊ पडतो. पॉलिप्रॉपिलीनचा, बोटींसाठी बनवलेला घ्यावा.

राहिली ती काळी शीट. आवाज दाबायला ती खरंच उपयोगी आहे, आणि गालिच्याखाली ती कुणालाही दिसत नाही. पण उघड्या गाडीत पाणी आत येणारच. ते शीटच्या कडेने खाली शिरतं, सुकत नाही, आणि पत्रा खालून गंजत जातो. काढायला गेलात तर तापवून, खरवडून काढावी लागते आणि रंग सोबत येतो. मी मोकळी, न चिकटणारी, उचलून वाळवता येणारी चटई टाकतो. आवाज थोडा जास्त येतो, चालतो.

त्या पहिल्या एमजीबीच्या मालकांनी नंतर सगळं उघडलं. शीट काढायला दोन शनिवार-रविवार गेले, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली अंगठा जाईल एवढं गंजलेलं भोक निघालं. तारांचे कापलेले चारही तुकडे त्यांनी सोल्डर करून, त्याच रंगांची आवरणं चढवून जोडले. आता सीटमागे दोन छोट्या पेट्या आहेत आणि ग्लव्हबॉक्समध्ये एक लिफाफा: कुठली तार कुठून निघते याचं हाताने काढलेलं चित्र, काढलेल्या प्रत्येक स्क्रूची जागा, आणि तारीख.