ऑनलाइन खरेदीतलं ग्राहक संरक्षण (बेळगाव सीमाभाग)

मोबाईलवरून, टीव्हीवरची जाहिरात बघून किंवा फोन करून मागवलेली वस्तू खराब निघाली, भलतीच आली किंवा आलीच नाही, तर ग्राहकाला कायद्यानं जे हक्क मिळतात त्याला ऑनलाइन खरेदीतलं ग्राहक संरक्षण म्हणतात. याचा आधार ग्राहक संरक्षण कायदा २०१९. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियम पण आले. आधीचा कायदा १९८६ चा, तेव्हा असली खरेदी कुणाच्या स्वप्नात पण नव्हती.

आमच्या सीमाभागाला सगळ्यात कामाचं कलम म्हणजे ३४. बेळगाव, खानापूर, निपाणीचा माणूस मागवतो तो माल येतो सुरतेहून, दिल्लीहून, नाहीतर पुण्याहून, म्हणजे दुसऱ्याच राज्यातून. पूर्वी केस कुठं घालायची यावरच वाद व्हायचा आणि हजार-दोन हजारासाठी सुरतेला कोण जाणार म्हणून लोक गप्प बसायचे. आता तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घालता येते, विकणारा कुठलाही असू दे. ५० लाखापर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यातच चालते, ५ लाखापर्यंत फी शून्य, वकील लावायची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. आयोगाचे कागद कन्नड नाहीतर इंग्रजीत असतात म्हणून आपली माणसं बिचकतात, पण भाषेच्या भीतीनं हक्क सोडू नये असं मला मनापासून वाटतं. आधी १९१५ ला फोन करावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथं मराठीत बोलता येतं.

आमच्या मावशीनं लग्नसराईत एका ॲपवरून पैठणी मागवली होती. फोटोत जरीचा काठ, मोर, सगळं झकास, आणि पार्सल फोडलं तर हाताला चरचरीत लागणारं नायलॉन, मोर नुसता छापलेला. वर उत्तर काय, तर सेलमधला माल परत घेत नाही. हे चालत नाही. वस्तू खराब असेल, जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आली असेल तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला विकणारा नाही म्हणू शकत नाही, सेल असला तरी (पूर वगैरे आल्यामुळं उशीर झाला तर गोष्ट वेगळी). मावशीनं पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढला होता आणि फोटोचा स्क्रीनशॉट ठेवला होता, ते दाखवून १९१५ वर तक्रार केली, मग पैसे परत आले. नुसतं मन बदललं, रंग आवडला नाही, एवढ्यावर परत करायचा हक्क मात्र आपल्या कायद्यात नाही, तिथं कंपनीची पॉलिसी असेल तेवढंच.

प्रत्येक ॲपला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात निकाल लावायचा. वस्तू कुठल्या देशात बनली ते लिहायचं, आपल्या वतीनं आधीच टिक करून ठेवलेले चौकोन चालत नाहीत. 'फक्त ५ मिनिटं उरली' अशी खोटी घाई लावणं, शेवटच्या पानावर गुपचूप चार्ज जोडणं, अशा १३ फसव्या युक्त्यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी आली.

वडगाव-शहापूरच्या विणकरांनी एक लक्षात ठेवावं. धंद्यासाठी किंवा परत विकायला घेतलेला माल या कायद्यात बसत नाही, पण पोटापाण्यासाठी स्वतः माग चालवणारा माणूस त्या मागाची मोटर ऑनलाइन घेत असेल तर तो ग्राहकच.

नाव-पत्ता नसलेल्या बनावट साइटवर पैसे गेले तर आयोगाची वाट बघत बसू नका, लगेच १९३० ला सायबर तक्रार करा, जितकी घाई कराल तितकं पैसे गोठवायला सोपं. आयोगात जायची मुदत भांडणाचं कारण घडल्यापासून २ वर्षं, तोवर बिल, चॅट आणि पार्सलवरचं लेबल टाकून देऊ नये.